कंबर धरली म्हणून अंथरूण धरू नका

मार्चअखेर आला की आमच्या लेखाविभागात सकाळी खुर्चीवर बसलेला माणूस रात्रीच उठायचा. डबासुद्धा कॉम्प्युटरसमोरच उघडायचा. अशाच एका संध्याकाळी खालच्या कप्प्यातली फाइल काढायला वाकले आणि कंबरेत उसण भरली. सरळ उभं राहता येईना.

घरच्यांनी मायेपोटी सगळं केलं. शेक दिला, तेल चोळलं, पट्टा आणला आणि पलंगावरून हलायचं नाही अशी ताकीद दिली. एमआरआयच्या रिपोर्टात ‘डिस्क बल्ज’, म्हणजे मणक्यांमधली गादी फुगली आहे, असं वाचल्यावर तर दुखण्यापेक्षा भीतीच वाढली. मणक्यात गॅप आहे, आता वाकू नका, काही उचलू नका, असं जो तो सांगू लागला. पडून राहून कंबर आणखी आखडली, पायांतलं बळही कमी झालं.

अखेर एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. नीट तपासल्यावर त्या म्हणाल्या, “ताई, दुखतंय म्हणजे बिघडतंयच असं नाही. आजपासून थोडं थोडं चाला.” मोठ्या माणसांच्या मणक्यांमधल्या गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, तिचं पोषण आजूबाजूच्या भागातून झिरपून होतं आणि हालचालीने दाब पडतो-सुटतो तेव्हा त्याला मदत होते, हे त्यांच्याकडूनच कळलं. त्या दिवसापासून मी चालू लागले आणि हळूहळू कामावर परतले.

पुढे मी या विषयावर वाचत गेले. कंबरदुखीच्या दहापैकी सुमारे नऊ जणांमध्ये ठरावीक असा बिघाड सापडत नाही. १९९४ साली अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांत एखादी तरी गादी फुगलेली दिसली. १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकीत कंबर धरलेल्या नोकरदारांची पाहणी झाली. जमेल तशी रोजची कामं करत राहिलेले सर्वांत लवकर बरे झाले. अंथरुणावर ठेवलेल्यांना सर्वांत जास्त वेळ लागला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात, मार्गदर्शन घेऊन नियमित चालणाऱ्यांचं दुखणं साधारण २०८ दिवसांनी उलटलं, तर असं मार्गदर्शन न मिळालेल्यांचं ११२ दिवसांनी. जुनाट कंबरदुखीत पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबरेला ताण देण्याचा उपचार) सरसकट वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये सांगितलं आहे.

म्हणून बैठं काम करणाऱ्यांना माझं सांगणं आहे. दर अर्ध्या तासाने खुर्ची सोडा, दोन मिनिटं का होईना. फोन उभं राहून घ्या. पाण्याची बाटली लहान ठेवा, म्हणजे भरायला उठावं लागेल. डबा टेबलावर खाऊ नका. पाय जमिनीला टेकतील आणि स्क्रीन डोळ्यांसमोर येईल अशी बैठक ठेवा; पण कितीही चांगली खुर्ची असली तरी तासन् तास एकाच ढंगात बसू नका. घरी जाताना एक स्टॉप आधी उतरा. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत सावकाश पोचा.

एक इशारा मात्र विसरू नका. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला, पायातली ताकद कमी होऊ लागली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. दुखण्यासोबत ताप असेल, वजन घटत असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल किंवा जोराने पडला असाल, तर व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवा.

आणि कार्यालयांतल्या वरिष्ठांना विनंती: जागेवरून उठलेल्या माणसाला कामचुकार समजू नका. त्याला उठू द्या, चार पावलं चालू द्या. त्यात त्याचंही भलं आहे आणि कामाचंही.