लांब शब्दाचा रथ

विज्ञानाच्या पुस्तकात ‘इलेक्ट्रोकार्डिओग्राफिक’ हे विशेषण समोर आले की आमच्या वसतिगृहातील हुशार मुलेही थबकतात. घरी इंग्रजीचा वारा नसतो. शब्द वाचता आला नाही म्हणजे विज्ञानच आपल्या वाट्याचे नाही, हा समज तेथेच रुजतो. म्हणून आम्ही हा शब्द फळ्यावर मोडून दाखवितो.

आधी उच्चार. सिलॅबल म्हणजे एका स्वरावर तोललेला उच्चाराचा तुकडा. लेखनातले अक्षर आणि तो एक नव्हेत. आपल्याच गावाचे नाव घ्या. ‘देवगाव’ लिहिताना अक्षरे चार, बोलताना तुकडे दोनच : देव्–गाव्. ‘रंगारी’चे मात्र तीन. त्याच कानाने ऐकले असता इ–लेक्–ट्रो–कार्–डि–ओ–ग्रॅ–फिक असे आठ तुकडे पडतात. आघात ‘ग्रॅ’वर. ‘इक’ प्रत्यय लागला की आघात बहुधा त्याच्या लगतच्या मागील तुकड्यावर येतो. ‘फोटोग्राफ’मध्ये तो ‘फो’वर, ‘फोटोग्राफी’त ‘टॉ’वर, ‘फोटोग्राफिक’मध्ये ‘ग्रॅ’वर. आपल्याकडे ‘समाज’चे ‘सामाजिक’ होताना पहिला स्वर वाढतो. तिकडे आघात सरकतो, इतकेच.

अर्थाचे तुकडे निराळे, आणि ते चारच. ग्रीक ‘एलेक्ट्रॉन’ म्हणजे अंबर, घासल्यावर काडीकचरा ओढून घेणारा राळेचा खडा. त्यावरून ‘इलेक्ट्रो’ म्हणजे विजेचे. ‘कार्डिओ’ म्हणजे हृदय, ‘ग्राफ’ म्हणजे लेखन, ‘इक’ हा विशेषणाचा प्रत्यय. हृदयातील विद्युत् स्पंदनांच्या आलेखासंबंधीचे, असा अर्थ आपसूक उलगडतो. (याच आलेखाच्या संशोधनासाठी आइंटहोवेन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.) अर्थाने ‘फ’ हा ‘ग्राफ’चा, उच्चारात मात्र तो ‘इक’ला जाऊन मिळतो. धम्मवर्गात ‘पटिच्चसमुप्पन्न’ म्हणताना मुले हेच करतात. अर्थाने पटिच्च–सं–उप्पन्न, उच्चाराने प–टिच्–च–स–मुप्–पन्–न. सात तुकड्यांचे हे विशेषण आपण न अडखळता म्हणतो, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसते.

मिलिंदपञ्हात भन्ते नागसेन राजाला विचारतात, चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? एकेक भाग रथ नव्हे. भाग जुळून आले की ‘रथ’ ही संज्ञा लाभते. शब्दाचेही तसेच. हा मिलिंद म्हणजे इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील यवन राजा मिनँडर. ‘कार्डिया’ हा त्याच्याच ग्रीक भाषेतला शब्द. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेत सुरू केलेले महाविद्यालय याच राजाच्या नावाने ओळखले जाते. शाळेत संस्कृत नाकारले गेल्याने बाबासाहेबांना फारसी घ्यावी लागली; पुढे त्यांनी पाली शब्दकोशच रचला. शासनाच्या ग्रंथमालेचा सोळावा खंड तो हाच.

आता ‘कार्डिओ’ काढून तेथे ‘एन्सेफॅलो’ बसवा. ‘एन’ म्हणजे आत, ‘केफॅले’ म्हणजे डोके. डोक्याच्या आतला तो मेंदू. तुकडे नऊ होतात, आघात ‘ग्रॅ’वरच राहतो.