पापण्यांचे पेटके, उजेडाचा त्रास व कोरडे डोळे : एक अभ्यास

पुरुषाचा उजवा डोळा लवला तर शुभ, डावा लवला तर अशुभ. स्त्रियांच्या बाबतीत नेमके उलट. हा हिशेब आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी घरातच ऐकलेला आहे. धम्मदीक्षेनंतर देव्हारे गेले, नवस गेले, अंगारे-धुपारे गेले. परंतु डोळा लवू लागला की आजही हात नकळत पापणीकडे जातो आणि "आज काय ऐकायला मिळते कोण जाणे" असे वाटून जाते. एवढ्यावर भागले असते तर या विषयावर स्मरणिकेची पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. पण ज्याला शकुन म्हणून हसून सोडून दिले जाते, त्यामागे क्वचित एक खरा आजार असतो. तो ओळखला न गेल्यामुळे डोळे शाबूत असूनही माणूस आंधळ्यासारखा जगू लागतो.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की डोळा लवण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार निरुपद्रवी असतो. एकाच डोळ्याच्या पापणीत, बहुधा खालच्या, बारीक थरथर होते. समोरच्याला ती दिसतही नाही, आपल्याला मात्र जाणवत राहते. जागरण, थकवा, चहा-कॉफीचा अतिरेक, परीक्षेचे दडपण ही त्याची नेहमीची कारणे. काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ती आपोआप थांबते. अभ्यासिकेत रात्री दोनपर्यंत बसून दिवसाला आठ कप चहा पिणाऱ्या विद्यार्थ्याचा डोळा लवला, तर त्याने निकालाची चिंता न करता झोप घ्यावी.

दुसऱ्या प्रकारात चेहऱ्याची एकच बाजू ओढली जाते. आधी डोळा, मग गाल, मग ओठाचा कोपरा. चेहऱ्याच्या चेतेवर मेंदूजवळ एखाद्या रक्तवाहिनीचा दाब पडल्याने बहुधा हे घडते. झोपेतही ते थांबत नाही. यासाठी मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाऊन एमआरआय तपासणी करून घ्यावी लागते.

तिसरा प्रकार हा या लेखाचा मुख्य विषय. त्याचे वैद्यकीय नाव ब्लेफॅरोस्पॅझम. यात दोन्ही डोळ्यांच्या पापण्या इच्छेविरुद्ध मिटतात. आरंभी नुसती उघडझाप वाढते, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, उजेड सहन होत नाही. पुढे पापण्या काही सेकंद, कधी त्याहून अधिक काळ घट्ट मिटून राहतात व प्रयत्न करूनही उघडत नाहीत. बहुधा पन्नाशी-साठीच्या सुमारास हा आजार सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळतो.

आमच्या वस्तीतील एका मावशींचे उदाहरण येथे देण्यासारखे आहे. शिवणकामावर त्यांनी तीन मुलांची शिक्षणे केली. छप्पन्नाव्या वर्षी त्यांच्या पापण्या मिटू लागल्या. सुईत दोरा ओवता येईना, रस्ता ओलांडता येईना. चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. नजर तर उत्तम होती. विहारात सर्वजण स्तब्ध बसले की त्यांचे डोळे गच्च मिटत, आणि वंदना मोठ्याने म्हणू लागल्या की उघडत! साहजिकच कुजबुज सुरू झाली. "म्हणायचे असले की बरे दिसते यांना." कोणी नाटक म्हटले, कोणी मनाचा कमकुवतपणा म्हटला आणि एका नातेवाइकाने त्यांना गुपचूप एका भगताकडेही नेले. या भानगडीत चार वर्षे गेली.

ज्या गोष्टीवरून मावशींना खोटे ठरवले गेले, तेच खरे तर या आजाराचे लक्षण होते. मोठ्याने बोलणे, गाणे, गुणगुणणे, काहीतरी चघळणे, कानशिलावर वा भुवईवर बोट टेकवणे अशा साध्या क्रियांनी पेटका काही वेळ सैल होतो, हा अनेक रुग्णांचा अनुभव असून तज्ज्ञ त्याचा निदानासाठी उपयोग करतात. उलट प्रखर उजेड, वाचन, गर्दीतून चालणे, वाहन चालवणे आणि मनावरचा ताण यांनी तो वाढतो. झोपेत तो नाहीसा होतो. एकेकाळी डॉक्टर मंडळीही याला मानसिक विकार समजत असत. आज तो मेंदूच्या अंतर्भागातील, हालचालींचे नियमन करणाऱ्या चेताकेंद्रांच्या बिघाडाशी जोडला जातो. डोळ्याभोवतीच्या गोलाकार स्नायूला "मीट" ही आज्ञा नको तेव्हा व नको तितक्या जोराने मिळते. त्यात इच्छाशक्तीचा दोष नाही, तसाच पूर्वजन्मीच्या कर्माचाही नाही.

कर्माचा उल्लेख मुद्दाम केला. धम्मपदाच्या अट्ठकथेत पहिल्याच गाथेला चक्खुपाल थेरांची कथा जोडलेली आहे. वर्षावासाचे तीन महिने आडवे व्हायचे नाही असा त्यांनी निश्चय केला. पुढे डोळे दुखू लागले. वैद्याने नाकातून सोडण्यासाठी तेल दिले. ते आडवे होऊन घ्यावयाचे होते, थेरांनी ते बसूनच घेतले. गुण येईना तेव्हा वैद्याने पुन्हा पुन्हा विचारले, समजावले आणि अखेर उपचार सोडून दिला. थेरांची दृष्टी गेली. अट्ठकथाकार याचे कारण पूर्वजन्मात शोधतो. वास्तविक कारण कथेतच समोर आहे : औषध वैद्याने सांगितल्याप्रमाणे घेतले गेले नाही. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या कल्पनेची जी परखड चिकित्सा केली आहे, ती वाचलेल्या माणसाने तरी आजाऱ्याला "भोग आहेत" असे म्हणू नये. आपल्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवताना हेच सांगितले गेले होते.

याच्या जोडीला विनयपिटकातील महावग्गाचा भेषज्यविषयक भाग पाहावा. एका भिक्खूला नेत्ररोग झाला तेव्हा भगवंतांनी अंजने वापरण्याची अनुमती दिली. भिक्खू ती उघड्या भांड्यांत ठेवू लागले, त्यांत धूळ-कचरा पडू लागला, म्हणून अंजनाच्या डबीची अनुमती मिळाली. डबी उघडी राहू लागली, म्हणून झाकणाची. झाकण पडू लागले, म्हणून ते दोऱ्याने बांधण्याची. बोटाने अंजन घातल्यामुळे डोळे दुखू लागले, म्हणून अंजनशलाकेची. एका साध्या डबीसाठी किती हा तपशील! आजही थेंबांची बाटली उघडी टाकणारे, तिचे टोक पापणीला टेकवणारे आणि एकाच बाटलीतून घरातल्या सर्वांच्या डोळ्यांत औषध घालणारे लोक आपण पाहतो.

कोरडेपणा आणि उजेड

या तिन्ही तक्रारी एकमेकींत गुंतलेल्या असतात. डोळ्यावर अश्रूंचा अतिशय पातळ पडदा असतो : आत चिकट स्राव, मध्ये पाणी आणि वर तेलाचा थर. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या सूक्ष्म ग्रंथींतून येते. तेल कमी पडले की पाणी लवकर उडून जाते. म्हणूनच पुष्कळदा कोरड्या डोळ्यांतूनच पाणी वाहते; खुपल्यामुळे आलेले ते पाणी टिकत नाही इतकेच. पडदा फाटला की बुबुळावरील संवेदनक्षम चेता उघड्या पडतात, उजेड टोचतो, उघडझाप वाढते. ज्याला पेटक्याचा आजार आहे त्याच्या बाबतीत ही ठिणगी ठरते. तेव्हा पेटक्यावर उपचार चालू असले तरी कोरडेपणाकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

कोरडेपणा मोजण्याची एक सोपी तपासणी नेत्रतज्ज्ञ करतात. खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटे ठेवतात. ती १० मिलिमीटर वा अधिक भिजली तर साधारणपणे ठीक, ५ मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर कोरडेपणा बराच आहे असे समजतात. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडे पडत असेल आणि सांधे दुखत असतील तर संधिवाताच्या अंगाने रक्त तपासावे लागते. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, झोपेसाठी वा नैराश्यासाठी दिली जाणारी काही औषधे यांनीही डोळे सुकतात. मानसिक आजारावरील काही औषधे दीर्घकाळ घेतल्याने पापण्यांचे पेटके येऊ शकतात. अशी औषधे स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नयेत, डॉक्टरांना दाखवावीत.

घरी करण्यासारखे पुष्कळ आहे. कोमट पाण्यात बुडवून पिळलेले स्वच्छ फडके मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवावे, ते थंड झाले की पुन्हा कोमट करावे. त्यानंतर पापणीची कड हलक्या हाताने पुसावी. त्याने गोठलेले तेल मोकळे होते. कृत्रिम अश्रूंचे थेंब मिळतात. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर टिकाऊपणासाठी रसायन न घातलेले थेंब मागावेत, कारण ते रसायनच डोळ्याला झोंबते. पंख्याचा वा वातानुकूलन यंत्राचा झोत तोंडावर घेऊ नये. एस.टी.त खिडकीशी बसणाऱ्याने चष्मा लावावा. झाडूकाम करणाऱ्या आपल्या सफाई कामगार बंधू-भगिनींना बाजूंनी झाकणारा साधा चष्मा मिळावा, याचा आग्रह संघटनेने धरावयास हवा. आणि विहारात अगरबत्त्यांचा धूर थोडा कमी केला तर वंदनेत काही उणे पडणार नाही!

मोबाईल वा संगणकावर वाचताना माणूस पापणी मिटवायलाच विसरतो. एरवी मिनिटाला पंधराच्या आसपास होणारी उघडझाप निम्म्याहून खाली येऊ शकते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी दर वीस मिनिटांनी दूरवर पाहावे, काही वेळा सावकाश व पूर्ण पापण्या मिटाव्यात आणि पडदा नजरेच्या किंचित खाली ठेवावा.

उजेडाच्या बाबतीत एक सूचना महत्त्वाची. उन्हात गडद चष्मा, टोपी वा छत्री जरूर वापरावी. परंतु घरात दिवसभर काळा चष्मा लावून बसू नये. डोळ्यांना अंधाराची सवय होते आणि साधा उजेडही अधिक बोचू लागतो. घरात फिकट गुलाबी छटेची विशिष्ट काच काही रुग्णांना मानवते, ती नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याने घ्यावी.

मध, गुलाबपाणी, दूध, कांद्याचा रस यांतले काहीही डोळ्यांत घालू नये. सुरम्यात पुष्कळदा शिसे असते. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब तर सर्वांत घातक. दोन दिवस बरे वाटते आणि पुढे काचबिंदू वा मोतीबिंदू पदरी पडतो.

पेटक्यावरील उपचार

सॅन फ्रान्सिस्को येथील नेत्रतज्ज्ञ डॉ. ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी बोट्युलिनम या जंतुविषाचा औषध म्हणून उपयोग विकसित केला. डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेत तिरळेपणा आणि पापण्यांचे पेटके यांसाठी त्याला मान्यता मिळाली. अत्यंत अल्प मात्रेत ते डोळ्यांभोवती काही ठिकाणी टोचतात. चेतेकडून स्नायूकडे जाणारा रासायनिक संदेश अडतो व स्नायू सैल पडतो. दोन-चार दिवसांत गुण दिसू लागतो आणि सुमारे तीन महिने टिकतो. नंतर पुन्हा टोचावे लागते. आजार मुळातून जात नाही, हे रुग्णाला आधीच सांगितलेले बरे. कधी पापणी खाली ओघळते, दोन दोन दिसते किंवा कोरडेपणा वाढतो. हे परिणाम बहुधा काही आठवड्यांत ओसरतात. ज्यांना गुण येत नाही अशा थोड्यांसाठी स्नायूचा भाग काढण्याची शस्त्रक्रियाही आहे.

औषध महाग आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेंदूविकार वा नेत्र विभागात चौकशी करावी आणि खर्चाबाबत तेथील समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. मावशींना असाच मार्ग मिळाला. आज त्या शिवण यंत्रावर पूर्वीइतका वेळ बसत नाहीत, पण बाजारात एकट्या जातात. तिसरा महिना संपत आला की त्यांच्या पापण्या पुन्हा जड होतात, ते दिवस त्या मोठी कामे ठेवत नाहीत.

आनापानाने हा आजार बरा होतो असे कोणी सांगू नये. ताण कमी झाला की पेटका काहीसा सौम्य होतो, एवढे खरे. संयुत्तनिकायातील सल्लसुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे : शरीराची वेदना हा एक बाण आणि तिच्याविषयी मनाने केलेला शोक हा दुसरा. साधना दुसऱ्या बाणावर काम करते. पहिल्यासाठी वैद्यच लागतो, आणि भगवंतांनाही जीवक होताच. ज्यांना मिटलेले डोळे उघडताना त्रास होतो त्यांनी चंक्रमण किंवा मोठ्याने पठण करावे. त्यांना डोळे मिटून बसण्याचा आग्रह करू नये.

अचानक दृष्टी गेली, डोळा लाल होऊन तीव्र दुखू लागला, एकच पापणी एकाएकी खाली पडली, वस्तू दोन दिसू लागल्या, किंवा तापात मान आखडून उजेड सहन होईनासा झाला, तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पेटके येणाऱ्याने उपचाराने आराम पडेपर्यंत दुचाकी चालवू नये.

डॉक्टरांकडे जाताना चालू असलेली सर्व औषधे पिशवीत घालून न्यावीत. त्रास कधी वाढतो, कशाने थांबतो हे कागदावर लिहून ठेवावे. तपासणीच्या खोलीत, डॉक्टर समोर असताना, पुष्कळदा पेटका येतच नाही आणि रुग्ण पुन्हा खोटा ठरतो. म्हणून घरच्या कोणीतरी मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रण आधीच करून ठेवावे : एक गप्प बसलेले असताना, एक मोठ्याने वंदना म्हणताना.