संस्थेचा आधार सुटतो तेव्हा

अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थांमध्ये एक व्यक्ती अशी असते, की तिचा हुद्दा कोणी विचारत नाही. कुठे तिला समाजसेविका म्हणतात, कुठे नुसते 'संस्थेच्या ताई'. अपंगत्वाचे प्रमाणपत्र, शाळा, अनुदान, एस.टी.ची सवलत, बँकेचे खाते, या सर्वांची सांगड त्याच घालून देतात. (सरकारी कागदावर आज 'दिव्यांग' हा शब्द आहे. आम्ही घरोघरी बोलला जाणारा शब्द ठेवला आहे.) पण हा आधार कायमचा नसतो. प्रकल्पाचा निधी संपतो, ताई दुसरीकडे जातात, किंवा मुलगा १८ वर्षांचा होऊन विशेष शाळेतून बाहेर पडतो. त्या वेळी कुटुंबाने काय समजून घ्यावे आणि काय ताब्यात घ्यावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय.

सर्वांत मोठी अडचण १८ व्या वाढदिवसाला उभी राहते, आणि ती आम्हा बँकेतील मंडळींना काउंटरवर दिसते. अज्ञान मुलाचे खाते आई किंवा वडील पालक म्हणून चालवतात. मुलगा सज्ञान झाला की तो अधिकार संपतो. मग त्याची स्वतःची सही किंवा अंगठा, त्याचे नवे फोटो आणि कागदपत्रे लागतात. मतिमंद मुलाची आई म्हणते, "अहो साहेब, मी त्याची आई आहे, दुसरे कोण येणार?" तिचे म्हणणे माणुसकीला धरून आहे, पण कायद्यात आईपण पालकत्वाच्या दाखल्याची जागा घेत नाही. खात्यात अनुदान जमा होत राहते आणि काढता येत नाही.

यासाठी सन १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व (आता बौद्धिक अक्षमता म्हणतात) आणि बहुविकलांगता या चार प्रकारांना तो लागू होतो. जिल्ह्यात जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती यांची स्थानिक स्तर समिती असते. आईवडील किंवा नातेवाईक तिच्याकडे अर्ज करू शकतात, आणि आपल्या पसंतीची व्यक्ती पालक म्हणून सुचवू शकतात. भाऊ आपोआप पालक होत नाही, हे येथे लक्षात घ्यावे. आपल्या माघारी कोण, हा प्रश्न आईवडील मनात ठेवतात, कागदावर आणत नाहीत. पालक झालेल्याला ६ महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी आणि पुढे दर आर्थिक वर्षाचा हिशेब समितीला द्यावा लागतो. दुर्लक्ष किंवा अफरातफर झाली तर त्याला दूरही करता येते. काहींना हा जाच वाटतो. आम्हांस तो योग्य वाटतो, कारण पैसा मुलाचा असतो.

मात्र प्रत्येक अपंगाला पालक लागतो, ही समजूत खोटी आहे. अंध, मूकबधिर किंवा पायाने अधू माणूस स्वतःचे व्यवहार करण्यास पूर्ण समर्थ आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ (अंमल एप्रिल २०१७ पासून) त्यांना मालमत्ता बाळगण्याचा, आर्थिक व्यवहार करण्याचा आणि कर्ज मागण्याचा इतरांसारखाच हक्क देतो. अंध ग्राहकांना चेकबुक, ए.टी.एम. आणि लॉकर नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने सन २००८ मध्येच बँकांना कळविले आहे. तरीही "सोबत कोणाला तरी घेऊन या" असे काउंटरवर अजून ऐकू येते. सेरेब्रल पाल्सीच्या पुष्कळ मुलांचे बोलणे अडखळते, पण बुद्धी तल्लख असते. त्यांच्यासाठी पालकत्वाचा अर्ज घाईने करणे म्हणजे त्यांचा हक्क आपण होऊन दुसऱ्याच्या हाती देणे होय. समितीलाही आधी पालकाची गरज आहे काय आणि कोणत्या कामापुरती, हे पाहावे लागते.

आता कागदांकडे वळू. प्रमाणपत्र, यू.डी.आय.डी. कार्ड, पासबुक, शाळेचा दाखला, उपचारांचे जुने कागद हे सर्व ताईंच्या कपाटातून मूळ प्रतींसह घरी आणावे. झेरॉक्सवर समाधान मानू नये. प्रमाणपत्र कायमचे की मुदतीचे, हे वाचून घ्यावे. मुदतीचे असेल तर फेरतपासणी करून घ्यावी लागते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यात १ लाख रुपयांपर्यंत खर्चाची तरतूद आहे, पण त्याचे नूतनीकरण करावे लागते. ताई गेल्या की बहुधा हेच पहिले बंद पडते, आणि ते कळते मूल आजारी पडल्यावर. संजय गांधी निराधार अनुदानाचे प्रकरण तहसील कार्यालयात असते. तेथील नोंदीचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा.

एक गोष्ट अगदी बारीक, पण तिच्यावर सारे अडते. ताईंनी मदत म्हणून अर्ज भरले, तेव्हा बऱ्याच ठिकाणी मोबाईल नंबर स्वतःचाच दिला. आता ओ.टी.पी. त्यांच्याकडे जातो. प्रत्येक कार्डावर आणि खात्यावर कोणता नंबर आहे, हे त्या असतानाच तपासून बदलून घ्यावे. त्या आनंदाने येतील, पण त्यांना मोकळा दिवस विचारून ठेवावा.

समाजातील विद्यार्थ्यांनी यात हातभार लावावा. अर्ज तुम्ही भरून देऊ नका, शेजारी बसा. त्या मुलाला किंवा त्याच्या आईला भरू द्या, अडेल तेथे वाचून दाखवा. पहिल्या खेपेस तास जाईल. दुसऱ्या खेपेस ती माऊली स्वतःच खिडकीशी उभी राहून विचारील, "माझ्या अर्जाचा आवक क्रमांक द्या."