अंतर तेच, मग वेळ वेगळा कसा?

प्रश्न : लेक न्यू जर्सीत असते. मुंबईहून नेवार्कला जाताना विमानाला येतानापेक्षा जास्त वेळ लागतो, असं का?
– एक वाचक, रिठद (ता. रिसोड, जि. वाशीम)

उत्तर : अंतर सुमारे 12,500 किलोमीटरच, फरक वाऱ्याचा. साधारण 10 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचे वेगवान वारे वाहतात. येताना ते विमानाला मागून रेटा देतात, जाताना समोरून अडवतात. थेट विमानाला जायला साधारण 16 तास, यायला त्याहून तास-दीड तास कमी. तिकिटावरच्या वेळांची सरळ वजाबाकी मात्र करू नका. त्या ज्या-त्या गावच्या असतात. लेकीचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. आणि रिठद ते मुंबई? समृद्धी महामार्गानं गेलात तरी दिवसाचा मोठा तुकडा त्यातच जातो, तो आधी धरा.