लुगडे आणि आडनाव

मनुस्मृतिदहनानंतर दोनच दिवसांनी, २७ डिसेंबर १९२७ रोजी, महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे भाषण केले. जात दुरूनच ओळखू येईल अशी लुगडे नेसण्याची पद्धत व कथलाचे दागिने टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्याच दिवशी स्त्रिया पायघोळ लुगडी नेसून आल्या. यास पैसा लागत नव्हता. धैर्य मात्र लागत होते.

आज ताडकळसहून शहरात शिकावयास गेलेल्या आपल्या मुलास भाड्याची खोली पाहताना प्रथम आडनाव विचारले जाते. मग आडनावही टाकावे काय? मला तसे वाटत नाही. ती खूण त्या स्त्रियांवर लादलेली होती. आडनाव आपल्या आजोबांचे आहे. ते स्पष्ट उच्चारावे, आणि खोली नाकारल्यास शांतपणे कारण विचारावे.