आपल्या मालाचा व्हिडिओ, आपल्याच फोनवर



आपल्या गटाची शेंगदाणा चटणी कितीही चविष्ट असली, तरी लांबच्या गिऱ्हाइकाला ती चाखता येत नाही. त्याला दिसतो तो फक्त आपला व्हिडिओ. तो अंधुक आला किंवा भाव नीट ऐकू आला नाही, तर हातची ऑर्डर जाते. त्यासाठी महागडा कॅमेरा नको, घरातला फोन पुरे.

कॅमेऱ्यासमोर लाज वाटते? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजींनी सत्तरीच्या घरात, 2020 मध्ये, नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ हा यूट्यूब चॅनेल सुरू केला. मग आपण का मागे राहायचं?

आधी तयारी : कॅमेऱ्याची काच मऊ सुती कापडाने पुसा. तेलकट बोट लागलं की चित्र धुरकट येतं. फोन चार्ज करा आणि फ्लाइट मोड लावा, म्हणजे मध्येच कुणाचा फोन येणार नाही.

उजेड : दिवसा दाराजवळ बसा. तोंड दाराकडे ठेवा. दाराकडे पाठ केली तर चेहरा काळा दिसतो. भर दुपारचं ऊन थेट अंगावर नको.

फोन स्थिर ठेवा : स्टँड नसेल तर दोन विटांच्या मध्ये किंवा धान्याच्या डब्याला टेकवून ठेवा. स्टेटससाठी फोन उभा, यूट्यूबच्या मोठ्या व्हिडिओसाठी आडवा. मध्येच बदलू नका. झूम करू नका, चित्र फाटतं. फोनच जवळ न्या.

आवाज : चित्र थोडं कमी-जास्त चालतं, पण बोलणं कळलंच पाहिजे. पंखा, मिक्सर, टीव्ही बंद करा. फोनपासून हातभर अंतरावर, शेजारणीशी बोलतो तसं सावकाश बोला.

काय दाखवाल? पाच छोटे तुकडे घ्या, प्रत्येक सहा-सात सेकंदांचा :
1. शेंगदाणे भाजताना
2. खलबत्त्यात कुटताना (इथे बोलू नका, कुटण्याचा आवाज येऊ द्या)
3. स्वच्छ हातांनी, केस झाकून पाकीट भरताना
4. पाकिटावरचं लेबल जवळून
5. एक ताई वजन, भाव आणि नंबर सांगताना

प्रत्येक तुकड्याच्या आधी आणि नंतर दोन सेकंद जास्त घ्या, म्हणजे जोडताना शब्द तुटत नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं तर व्हिडिओ स्पष्ट राहतो.

हे विसरू नका : जिचा चेहरा दिसणार आहे तिला आधी विचारा. ती नको म्हणाली तर फक्त हात दाखवा, आग्रह करू नका. नंबर गटाच्या कामाचाच द्या, कुणा मुलीचा खासगी नको. मागे पासबुक, आधार कार्ड दिसत नाही ना, ते बघा. आणि व्हिडिओत जो माल दाखवला, तोच पाकिटात भरा. गिऱ्हाईक एकदा फसलं की परत येत नाही.

पुढच्या बैठकीचा अभ्यास : एक व्हिडिओ करून आणा. सगळ्या मिळून तो दोनदा बघा. एकदा आवाज बंद करून : काय विकतोय ते कळलं का? मग डोळे मिटून : भाव आणि नंबर लिहून घेता आला का? दोन्हीचं उत्तर ‘हो’ आलं, तर व्हिडिओ पाठवायला तयार. ‘नाही’ आलं, तर पुन्हा काढा. फोनमध्ये रीळ संपत नाही!