‘समजलं का?’ विचारू नकोस

पुणे, १८ जून

चि. सायली,

सहावीला मराठी शिकवू लागलीस, आनंद वाटला. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. पण सक्तीने मुलं तासाला बसतात, भाषा शिकत नाहीत. तू लिहितेस, मुलं ‘समजलं’ म्हणतात आणि वहीत भलतंच लिहितात. अगं, ‘समजलं का?’ला वर्गाचं उत्तर ठरलेलंच, ‘होऽऽ!’ ते तुझ्यासाठी नसतं, घंटेसाठी असतं.

माझी फजिती सांगतो. उद्या तास का नाही हे सांगताना मी वर्गात म्हणालो, ‘‘आम्ही सिंहगडावर जाणार, सहाला स्वारगेटहून निघणार.’’ सकाळी बघतो तर एक हिंदीभाषक मुलगा डबा घेऊन हजर! त्याच्या ‘हम’मध्ये तोही बसत होता. आपल्या ‘आम्ही’त ऐकणारा येत नाही, ‘आपण’मध्ये येतो, हे मी आदल्याच आठवड्यात शिकवलं होतं. त्याने मानही डोलावली होती.

तेव्हापासून मी नियम विचारणं सोडलं, प्रसंग विचारू लागलो. ‘‘मी म्हणालो, आम्ही जेवायला जातो. तू हात धुवायला उठशील की बसून राहशील?’’ हिंदीतला ‘कल’ मागेही जातो, पुढेही. म्हणून ‘काल पाऊस पडला’ शिकवलंस की विचार, ‘‘छत्री वाळत घालायची की दप्तरात भरायची?’’ हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. तेव्हा ‘बाईंनी राजूला शिक्षा केली’ या वाक्यानंतर विचार, ‘‘राजू घरी जाऊन हे आनंदाने सांगेल का?’’

प्रश्नातले शब्द शिकवायच्या शब्दांहून सोपे हवेत आणि उत्तर एका शब्दात किंवा नुसत्या हाताने देता यावं. सर्वनामाचा प्रकार विचारणं बी.एड.च्या पेपरात शोभतं. उत्तर सगळ्यांकडून एकदम घे, तेही डोळे मिटायला लावून. नाहीतर पहिल्या बाकावरचा हुशार हात वर करतो आणि बाकीचे त्याच्याकडे बघून. चुकलेल्यावर रागावू नकोस. कुठे अडलंय ते त्यानेच तुला दाखवलेलं असतं.

त्या मुलाला, घरी कळवून, आम्ही गडावर नेलं. चूक माझी होती.

उद्याचा तास एकदाही ‘समजलं का?’ न विचारता घे, आणि काय झालं ते मला कळव.

तुझा,
मामा